घेवडा पुरता शिजवीन, मने

प्रिय मने,

दादा आणि पत्र? हसून घे. आठवीत निबंधाला तीन ओळी खरडून पेपर देऊन आलेला माणूस मी. पण काल दुपारी आईचा फोन आला आणि तिनं मला एक गोष्ट विचारली. उत्तर तुला ठाऊक आहे, मला नीट सांगता येत नाही. मग दुसऱ्या कुणाला लिहू?

आई म्हणाली, "खरं खरं सांग. माह्या घेवड्यानं गेली काय रे पोट्टी?"

मी बोगद्याच्या तोंडाशी उभा होतो. इथे हिमाचलात डोंगराला भोक पाडायचं काम चाललंय आणि मी त्या कामगारांच्या मेसमध्ये स्वयंपाकाला आहे. रेंज येते ती त्या तोंडाशीच. मागून डंपर हॉर्न मारत होते. मी ओरडून म्हटलं, "नाही गं आई!" ती म्हणाली, "तू बी त्या डॉक्टरसारखाच बोलून राह्यला." आणि ठेवून दिला फोन.

परत मेसमध्ये आलो तर समोर काय? राजमा. मोठं घमेलं भरून भिजत घातलेला. उस्तादनं, म्हणजे आमच्या मुख्य आचाऱ्यानं, या आठवड्यापासून ते काम माझ्याकडे दिलंय. टाकताना खुळखुळ वाजणारे दाणे आता टम्म झाले होते. तू बघितलंयस ना, आधी नुसती साल सुरकुतते, मग आतला दाणा मोठा होत होत ती सुरकुती पुसून टाकतो? मी हात बुडवून उभा राहिलो आणि मनात आलं, मनीच्या रक्तातल्या पेशींना एवढंच तर करायचं होतं. फुगायचं होतं. बस. एवढंही जमलं नाही त्यांना?

लहानपणापासून तुझं काही ना काही असायचंच. कान वाहायचा, छाती भरायची, शाळेची सहल आली की ताप. आई लसणीचं तेल घालायची, शेजारच्या म्हणायच्या, नाजूक आहे हो मुलगी. नाजूक! दम लागत असताना बिबवेवाडीच्या चढावरून क्लासची बॅग घेऊन जाणारी मुलगी नाजूक? मला तर कधी शिंकसुद्धा यायची नाही. तुझ्या वाटणीचं सगळं मीच पोटातून घेऊन आलो की काय, असं मला तेव्हापासून वाटायचं. तुला कधी बोललो नाही.

मग तुझ्या कॉलेजच्या मॅडमनी नारायण पेठेतल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव दिलं. आठवतात? चष्म्यावरून बघायचे. बाबा मार्केट यार्डातून तसेच आलेले, खांद्यावर हमालाचं फडकं. डॉक्टर म्हणाले, "आधीच्या लोकांनी काय केलं?" बाबा म्हणाले, "औषध दिलं." डॉक्टर म्हणाले, "ते दिसतंच आहे."

त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं की पांढऱ्या पेशी मोजून भागायचं नाही, त्या काम करतात का ते बघू. तुझं रक्त पाठवायचं आणि सोबत एका निरोगी माणसाचंही पाठवायचं, ताडून बघायला. "घरात धडधाकट कोण आहे?" आईनं माझ्याकडे बोट केलं. मी नेमका गोव्याचं काम सोडून घरी बसलो होतो. "हा हाय ना. याले कधी सर्दीबी होत नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "सर्दी होत नाही आणि नोकरीही टिकत नाही. उत्तम!"

तू इतकी हसलीस की खोकल्याची उबळ आली आणि नर्स पाणी घेऊन धावली. एका बैठकीत आपल्या दोघांचं रक्त काढलं. माझ्या नळीवर माझं नाव, तुझ्या नळीवर तुझं, आणि एकाच डब्यात बर्फाशिवाय शेजारी शेजारी ठेवली. आपण दोघं एका डब्यात बसून कुठेतरी गेलो ते तेवढंच, नाही का?

घरी जाताना स्वारगेटला बस बदलायला थांबलो तेव्हा मी विचारलं, "पण बघणार कसं? पेशी काय कवायत करून दाखवणार?"

"घेवड्यानं," तू म्हणालीस.

मला वाटलं थट्टा करतेयस.

"अरे खरंच! राजमा, वाघ्या घेवडा, त्या जातीच्या दाण्यात एक प्रथिन असतं. लेक्टिन म्हणतात. पेशीच्या अंगावर बाहेरून साखरेचे बारीक बारीक धागे असतात..."

"गोड?"

"चाटून कोण बघणार, येड्या? ऐक. लेक्टिन ते धागे धरतं. एरवी या पेशी ढिम्म बसलेल्या असतात. प्रत्येकीचा शत्रू ठरलेला. तिचा तो आला तरच उठणार, दुसऱ्याचा आला तर मला काय त्याचं. पुणेरीच आहेत त्या! पण लेक्टिन असलं काही बघतच नाही. ते सरसकट सगळ्यांना धरून हलवतं. तू ती बाजूच्या बिल्डिंगमध्ये बेल वाजवायचास ना? तस्सं."

मने, ती बिल्डिंग! चारही मजल्यांच्या बेल दाबत मी वरून खाली पळत यायचो आणि फाटकाबाहेर. तुला पळता यायचं नाही. जिन्यातच धाप लागून बसायचीस. एकदा पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तुला धरलं. "बेल कुणी वाजवली गं?" तर तू काय म्हणालीस? "मला माहीत नाही काकू. मी फक्त बघत होते कोण कोण दार उघडतं." काकू इतक्या गोंधळल्या की तुला आत नेऊन चिवडा दिला! मी फाटकाबाहेर उपाशी.

"मग दार उघडलं की पुढे?" मी विचारलं.

"पुढे पेशी फुगते. मोठी होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. तीन-चार दिवस लागतात. शत्रू आलेलाच नसतो, पण सगळ्या बाहेर येऊन गर्दी करतात."

"आणि घेवड्याला काय पडलंय आपल्या रक्ताचं?"

"काहीच नाही," तू म्हणालीस. "किड्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून तो ते बाळगतो. आपल्या पेशींना ते चिकटतं हा नुसता योगायोग आहे, दादा."

हे शेवटचं तू किती सहज बोललीस. मला मात्र बसमध्ये बसल्यावरही पटत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट, आणि नुसता योगायोग?

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर दोन फोटो उघडले. एक माझा. पेशींचे घोसच्या घोस, द्राक्षासारखे, एकमेकींना चिकटलेले. कुठे जागाच नाही. मला बघून लाज वाटली. माझ्यासारख्याच त्या, जरा धक्का लागला की पळत सुटणाऱ्या! मग तुझा. सुटे सुटे ठिपके. जमिनीवर वाळू सांडावी तसे. एकही मोठा नाही. एकीचीही दुसरीला भेट नाही.

आई म्हणाली, "याच्यात काय दिसून राह्यलं?"

तू म्हणालीस, "दादा, कुणीच दार उघडलं नाही रे."

आणि डॉक्टर त्या दिवशी टोमणा मारायचे विसरले. मला भीती वाटली ती तेव्हा.

पुढचं तुला सांगायला नको. दुसऱ्याच्या हाडातला मगज तुझ्या अंगात घालायचा, म्हणजे नव्या पेशी येतील. माझा जुळेल असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीही. वाटलं, जन्मात एक काम तरी धड होईल. नाही जुळला. माझ्याकडे एवढ्या गर्दी करून वाढताहेत आणि तुला त्यातली एक चालू नये! कसला हा हिशेब, मने? आईचा अर्धा जुळत होता. अर्ध्यावरही करतात म्हणाले, पण तुझी फुफ्फुसं आधी सावरायला हवीत. ती सावरायची वाट बघत बसलो आपण.

आणि त्या वाट बघण्यात आईनं घेवडा शिजवला.

मी आजवर तिला चुकीची म्हटलेलं नाही. तू तिचं डोकं बघ ना. दादाच्या पेशी घेवड्यानं उठल्या, मनीच्या उठल्या नाहीत. म्हणजे मनीला घेवडा कमी पडला. "नळीत घालून घालून किती घालतीन ते लोक? चिमूटभर!" घरात घेवड्याला काय तोटा? बाबा यार्डात पोती वाहतात, फाटक्या पोत्यातलं सांडलेलं आपल्याकडेच यायचं. आणि तूच तर तिला सांगून ठेवलं होतंस, पूर्ण शिजला की त्यातलं ते मरतं, म्हणून आपल्याला उसळ खाता येते. आईनं तेवढंच धरून ठेवलं. शिजला की मरतं. मग शिजवायचाच नाही!

तिची दाणा बघायची पद्धत माहीत आहे ना? एक उचलायचा, अंगठा आणि बोटात दाबायचा, मऊ चेपला की गॅस बंद. त्या दिवशी मी ओट्याशी उभा होतो. तिनं दाबला. चेपला नाही. आणि तिनं समाधानानं पातेलं उतरवलं. तुझी वाटी काढून घेतली आणि आमच्यासाठी उरलेला पुन्हा चढवला. मला वाटलं तुला पथ्याचं काहीतरी असेल.

"हा तुझा," ती म्हणाली. "सगळा खाजो."

तू पहिला घास चावलास. करकर आवाज मला ऐकू आला. तू माझ्याकडे बघितलंस, आईकडे बघितलंस आणि दुसरा घास घेतलास.

संध्याकाळपर्यंत तू ओकून ओकून पांढरी पडलीस. बाबांनी रिक्षा आणली. सलाईन लावल्यावर त्या डॉक्टरांना फोन केला तर ते स्वतः आले, हे मात्र मानायला पाहिजे. सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "बाई, आम्ही ते नळीत घालतो. मुलीत नाही."

आई पदराचा बोळा तोंडात धरून कॉटच्या पायथ्याशी उभी होती. डॉक्टरांना वाटलं असेल, एक वाक्य बोललो. पण ते वाक्य तिनं आजपर्यंत ठेवलंय. रोज काढून बघते.

दोन दिवसांत तू बरी झालीस. प्रॅक्टिकलही देऊन आलीस कॉलेजात जाऊन. ते दिवाळीच्या आधीचं. तू गेलीस उन्हाळ्यात, छातीतल्या बुरशीनं. मध्ये सगळा हिवाळा गेला. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मी तिला किती वेळा सांगू? मला तुझ्यासारखं सांगता येत नाही गं! मी "संबंध नाही" म्हणतो तर ती म्हणते, "पोटात अशक्तपणा राह्यला अशीन." मी म्हणतो, "फुफ्फुसात होतं ते आई, पोटात नाही." ती म्हणते, "सगळं एकाच अंगात असते ना रे?" याला काय उत्तर देऊ? तू काय दिलं असतंस?

आता मला तुझ्याशी भांडायचंय.

सलाईन चालू असताना मी विचारलं होतं, "तुला माहीत होतं ना, बाधेल म्हणून?" तू म्हणालीस, "हो." मी म्हटलं, "मग?" तू म्हणालीस, "अरे, इतके दिवस ती नुसती बघत बसली होती. पहिल्यांदा तिला काहीतरी करता आलं. नाही कसं म्हणू?"

तेव्हा मला ते पटलं. माझी बहीण केवढी मोठी मनाची, असं वाटलं. पण काल त्या घमेल्यात हात बुडवून उभा होतो ना, तेव्हा ती वाटी डोळ्यांपुढे आली. मने, आईचं मन राखायला दोन घास पुरले असते. ती लगेच भाकरी भाजायला वळली होती, बघतसुद्धा नव्हती. तू उरलेला मला देऊ शकली असतीस. खिडकीतून टाकू शकली असतीस. तू सगळा खाल्लास. बोटानं वाटी पुसून खाल्लास.

का गं?

सगळं ठाऊक असलेली तू! लेक्टिन पोटातून रक्तात जाऊन काही पेशी उठवत नाही, हे मला शिकवणारी तू! तुलाही कुठेतरी वाटलं का, की नळीत नाही उघडलं दार, पण आत उघडेल? आईच्या हातचा आहे, कदाचित उघडेल?

तुला जगायचं होतं, हे तू आम्हाला एकदाही म्हणाली नाहीस. कायम विनोद. कायम आम्हालाच समजावणं. फक्त त्या एका वाटीतून ते सांगितलंस. आणि ते कळायला मला इतके महिने आणि एवढा लांबचा डोंगर लागला.

आता हे आईला कसं सांगू? तिला सांगितलं की मनीला माहीत होतं, तुझ्यासाठी खाल्लं तिनं, तर ती मरेल. सांगितलं की मनीलाही आशा वाटली होती, तर त्याहून मरेल. खरं बोलायच्या दोन्ही वाटा बंद. मग उरतं काय? "नाही गं आई." तेच तीन शब्द, डंपरच्या आवाजात.

आज राजमा मी चढवला. मोठ्या कुकरचं रबर गेलंय, त्यामुळे उघड्या पातेल्यात. इथे उंचावर पाणी लवकर उकळतं पण त्यात तेवढा कढ नसतो, दाणा वरून मऊ आणि आतून कच्चा राहतो. मी भिजवलेलं पाणी फेकलं, नवं घातलं आणि उकळत ठेवला, ठेवला, ठेवला. उस्ताद दोनदा येऊन गेला.

"ओ पूना! राजमा उबाल रहा है कि कपड़े?" इथे माझं नाव पूना आहे. कुणाला खरं माहीत नाही.

"थोड़ा और, उस्ताद."

"गैस तेरा बाप देगा?"

तो पळी घेऊन जवळ आला, माझं तोंड बघून म्हणाला, "क्या हुआ?"

"मेरी बहन ने एक बार कच्चा खाया था."

"फिर?"

"फिर ठीक हो गई थी."

"तो?" उस्ताद म्हणाला.

तो! बघ ना. एवढंच विचारलं त्यानं. बरी झाली होती. खरंच बरी झाली होतीस तू. मी पळीनं ढवळत राहिलो. शेवटी त्यानंच झाकण घातलं आणि गेला.

घरची खबर हवी असेल तुला. बाबा ठीक आहेत, म्हणजे यार्डात जातात. आईनं घेवडा सोडला. तुझ्या नावानं. नुसता खायचा सोडला नाही, घरात दाणा येऊ द्यायचा नाही. बाबा रोज संध्याकाळी दाराबाहेर सदरा काढून झटकतात, बाह्या उलट्या करतात, आणि मगच आत जातात. शेजारच्यांना वाटतं धूळ झटकताहेत.

आणि तुझं वर्षश्राद्ध जवळ आलंय. बाबा फोनवर म्हणाले, पानात काय वाढायचं यावर तुझी आई अडून बसलीये, रव्याचे लाडू करते म्हणते. लाडू! तू जन्मात अख्खा लाडू खाल्ला नाहीस. तुझ्या आवडीचं वाढायचं तर वाघ्या घेवड्याची उसळच. लहानपणी तू दाण्यावरचे पट्टे बघत बसायचीस आणि शिजल्यावर पट्टे कुठे गेले म्हणून रडायचीस. आईला हे आठवत नाही असं नाही. म्हणून तर लाडू म्हणते.

मला काही आशा नाही, मने. खोटं कशाला लिहू? मी घरी गेलो म्हणून आई बरी होईल, असं मला वाटत नाही. तुझ्या नळीत घेवडा घातला तेव्हा जे झालं, तेच माझ्या बोलण्याचं होतं तिच्यापाशी. पोचतं, धरतं, हलवतं. आत काही उठत नाही. कदाचित कधीच उठणार नाही.

पण मी जाणार. उस्तादला सांगितलंय. यार्डातून बाबांबरोबर वाघ्या घेवडा मी आणीन, सदरा न झटकता आणीन. आई ओरडेल. घर सोडून शेजारी जाऊन बसेल, किंवा भिंतीकडे तोंड करून. बसू दे. मी भिजत घालीन, पाणी बदलीन आणि पुरता शिजवीन. त्यातलं ते सगळं मरेपर्यंत. मग एक दाणा तिच्या हातावर ठेवीन आणि म्हणेन, आई, दाबून बघ. ती बघेल की नाही मला माहीत नाही.

ती पुन्हा विचारेल. श्राद्धाच्या दिवशी विचारेल, त्यानंतरही विचारेल. मी पुन्हा नाही म्हणेन. वाटीचं तिला कधी सांगणार नाही, ते आपल्या दोघांत. आणि या वेळी काम मिळालं, रेंज नाही, गाडी सुटते, असं काही म्हणून निघून जाणार नाही. तुला वचन. बेल वाजवून पळालो इतकी वर्षं. आता वाजवून दारातच उभा राहतो. कुणी उघडो न उघडो.

ज्याच्या पेशी उगाच वाढल्या तो,
तुझा दादा